रांग कुठून सुरू होते

प्रबंध बांधायला देण्याआधी मी ऋणनिर्देशाचं पान सरांना दाखवलं. वाचता वाचता ते एका नावापाशी थांबले. "या डॉ. सँड्रा फॉस्टर कुठल्या विद्यापीठातल्या?" मी सांगितलं, "सर, त्या एका कादंबरीतल्या आहेत." सरांनी पान पुन्हा वाचलं. असं नाव प्रबंधात ठेवता येणार नाही, ते काढ, म्हणाले. आणि मग, "पण यावर तू कधीतरी वेगळं लिही." सर आता नाहीत. त्यांचा तो शब्द बरीच वर्षं राहून गेला होता.

कादंबरीचं नाव 'बेलवेदर', लेखिका कॉनी विलिस. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या. मध्ययुगातल्या प्लेगवरच्या 'डूम्सडे बुक'ला ह्यूगो आणि नेब्युला ही दोन्ही पारितोषिकं मिळाल्यावर तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांनी ही लहानशी विनोदी कादंबरी लिहिली. बोल्डर शहरातली हायटेक नावाची एक कंपनी. तिथे सँड्रा फॉस्टर टुमांचा अभ्यास करते. एखादी गोष्ट एकाएकी सगळ्यांना हवीशी का होते, कुठून होते, आणि मग एकाएकी नकोशी का होते? कंपनीला याचं उत्तर माल विकण्यासाठी हवं आहे. सँड्राला ते जाणून घेण्यासाठी हवं आहे. दोन्हींतला हा फरक मला पहिल्याच वाचनात भिडला.

तिने अभ्यासाला घेतलेली टूम केसांची आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी लांब केस कापून बॉब करायला सुरुवात केली. का केली? नर्तकी आयरीन कॅसलने त्याआधी काही वर्षं केस कापले होते, ती कारण असेल? महायुद्धात शुश्रूषेला गेलेल्या मुलींना लांब केसांची अडचण होत होती, म्हणून? १९२० मध्ये स्कॉट फिट्झजेराल्डची बॉब करणाऱ्या मुलीवरची कथा छापून आली, म्हणून? की मतदानाचा हक्क, मोटारगाडी, नवे नाच या सगळ्यामुळे? सँड्राच्या संगणकावर या सगळ्यांच्या रंगीत रेषा आहेत आणि त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की उगम सापडत नाही. कादंबरीतल्या प्रकरणांच्या सुरुवातीला एकेका टुमेची छोटी नोंद येते: हुला हूप, माहजाँग, रकूनच्या कातड्याच्या टोप्या, रुबिकचा क्यूब, दररोज स्वतःला 'मी सुधारतो आहे' असं बजावायला लावणारी कुएची पद्धत. काही ओळींत टूम येते, काही ओळींत ओसरते, आणि वाचणाऱ्याला हसू येता येता कुतूहल वाटायला लागतं.

माझ्याकडे हे पुस्तक वन्संमुळे आलं. वन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, तेव्हा डेन्व्हरजवळ राहत होत्या. तिकडच्या सार्वजनिक वाचनालयांत फारशी कुणी न नेलेली पुस्तकं वेळोवेळी काढून टाकतात आणि टेबलांवर मांडून नाममात्र किमतीला विकतात. तसल्या टेबलावरून त्यांनी ते उचललं. "मागच्या पानावर मेंढ्या आणि आकडेशास्त्र असं दोन्ही दिसलं, म्हटलं हे तुझंच," असं त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. पहिल्या पानावर 'विथड्रॉन' असा लाल शिक्का होता. पुस्तक वाचत गेले तेव्हा कळलं की सँड्रा वाचनालयातून तिच्या आवडीची जुनी, उत्तम पुस्तकं मुद्दाम आपल्या नावावर काढत असते. कुणी नेत नाही म्हणून ती रद्दीत जाऊ नयेत, एवढ्याचसाठी. ते पान वाचून मी उठले, शिक्क्याचं पान पुन्हा उघडून पाहिलं, आणि वन्संना त्याच रात्री फोन लावला. माझ्या आयुष्याला वळण देणारं पुस्तक रद्दीत जाता जाता त्यांच्या हाताला लागलं, हे त्यांना सांगायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवेना.

वळण कसलं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी पुण्यात एम.एस्सी. करत होते, संख्याशास्त्रात. सकाळी वसतिगृहाच्या फोनवर कुणाचा तरी निरोप आला की गणपती दूध पितोय. दिल्लीत पहाटे सुरू झालेली ही बातमी दुपार व्हायच्या आत देशभर पसरली होती, आणि त्याच दिवशी लंडनमधल्या देवळांतही चमचे घेऊन माणसं उभी होती. मोबाइल नव्हते, इंटरनेट घरोघरी नव्हतं. होते ते साधे फोन, रेडिओ, दूरदर्शन आणि शेजारीपाजारी. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरतं आहे. पृष्ठताण आणि केशाकर्षण. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारी मंडळी हेच जीव तोडून सांगत होती आणि त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं.

पण माझा प्रश्न त्याने सुटला नाही. दूध कुठे गेलं याचं उत्तर मिळालं. रांग कुठून आली याचं कुणी दिलं नाही. रांगेत माझ्या विभागातल्या प्राध्यापक बाई होत्या, दूधवाला होता, रिक्षावाले होते, बँकेतले साहेब होते. अशिक्षितपणा म्हणून तो प्रश्न झटकणं मला तेव्हाही जमलं नाही. मी आमच्या विभागात विचारलं की याचं काही गणित असतं का. एकाने सांगितलं, हा समाजशास्त्राचा विषय. समाजशास्त्राच्या विभागात सांगितलं, हे मानसशास्त्र. सगळ्यांचा सूर एकच होता, की हा काही गंभीर माणसाने वेळ घालवावा असा विषय नव्हे. मी तो बाजूला ठेवला आणि रीतसर दुसऱ्या विषयावर काम सुरू केलं.

त्यानंतर काही वर्षांनी हे पुस्तक हातात पडलं. त्यात एक संख्याशास्त्र जाणणारी बाई, अत्यंत गंभीरपणे, केस कापण्याच्या टुमेचा उगम शोधत होती. कुणालाही न शरमता. मी विषय बदलायचं त्या पुस्तकामुळे ठरवलं, हे मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

केसांचं वाचताना मला आमची धाकटी आत्या आठवली. १९६० मध्ये 'लव्ह इन शिमला' आला. त्यात साधनाचं कपाळ मोठं दिसू नये म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर बट कापून घ्यायला लावली, आणि देशभर 'साधना कट' झाला. बार्शीत आमच्या आत्याने अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानातली कापड कापायची कात्री घेऊन माजघरात स्वतःच कपाळावरचे केस कापले. आजोबा कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. अमेरिकेत चाळीस वर्षांआधी बॉब केलेल्या मुलींच्या घरांतही असेच अबोले झाले होते. साधना कटचा उगम तर आपल्याला नीट ठाऊक आहे: सिनेमा ठाऊक, साल ठाऊक, कपाळ ठाऊक. तरीही नेमका तोच कट का लागू पडला, याचं उत्तर त्या माहितीत नाही. त्या काळात पडद्यावर किती नट्यांनी किती तऱ्हेने केस बांधले. बार्शीच्या माजघरातल्या मुलीच्या हाताला कात्री लावली ती एकीनेच. उगम सापडणं आणि कारण सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला सँड्राच्या गुंतलेल्या रेषांनी आणि आत्याच्या बटेने मिळून शिकवलं.

आता मेंढ्या. कंपनीत फ्लिप नावाची एक मुलगी कागदपत्रं इकडून तिकडे नेण्याच्या कामावर आहे. ती काहीही योग्य जागी पोचवत नाही. तिने चुकीच्या टेबलावर ठेवलेलं एक पार्सल पोचवायला सँड्रा जीवशास्त्र विभागात जाते आणि तिथे तिला बेनेट ओ'रायली भेटतो. हा केऑस सिद्धांतावर काम केलेला माणूस. कुठल्याच टुमेचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि टुमा अभ्यासणाऱ्या बाईला नेमकं हेच विलक्षण वाटतं. त्याला माकडांवर प्रयोग करायचा असतो, पण अर्ज हरवतात, पैसे अडतात, आणि शेवटी प्रयोगशाळेत मेंढ्यांचा कळप येतो. त्यांना एक बटण दाबायला शिकवायचं. मेंढ्या काही केल्या शिकत नाहीत. मग कळतं की कळपाला शिकवता येत नाही, कळपातल्या एकीला शिकवावं लागतं. ती एक पुढारी नसते. ती कुणाला हाकत नाही, कुणी तिचं ऐकतं असंही नाही. ती फक्त बाकीच्यांपेक्षा जराशी पुढे असते, जराशी अधिक भुकेली, जराशी अधिक चपळ. इंग्लंडातले मेंढपाळ तसल्या मेंढीच्या गळ्यात घंटा बांधत.

आमच्या भागातून धनगरांची मेंढरं जायची. ओढ्यापाशी कळप थबकायचा, पुढच्या मागे ढकलायच्या, धनगर हाळ्या देत राहायचा. मग मधूनच एक पाण्यात पाय घालायची आणि बघता बघता सगळा कळप पलीकडे. लहानपणी मला ती पहिली मेंढी शूर वाटायची. विलिसबाईंनी माझं ते मत बदललं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी कळपाला हसता हसता त्याचा अपमान केला नाही. एकदाच, फ्लिपच्या बाबतीत, त्यांचा हात जरा जड पडला आहे असं मला अजूनही वाटतं. वाह्यात वागणाऱ्या तरुण मुलीलाही थोडं मन असतं, आणि ते दाखवायला पुस्तकात जागा होती. सँड्रा आणि बेनेटचं पुढे काय होणार हेही फार लवकर कळतं. पण त्या फ्लिपला कथेत जी जागा त्यांनी दिली आहे ती इतकी मोलाची आहे की मी ती इथे सांगणार नाही.

विषय बदलल्यावर मी गणित वाचायला लागले आणि चकित होत गेले, कारण कादंबरीतल्या मेंढ्या तिथे आधीपासून होत्या. १९६९ मध्ये फ्रँक बास यांनी घरगुती टिकाऊ वस्तूंच्या विक्रीचं एक समीकरण मांडलं. त्यात माणसं दोन तऱ्हांनी वस्तू घेतात: काही आपल्या मनाने, बरीचशी दुसऱ्याने घेतली म्हणून. दोन छोटे आकडे, आणि त्यातून तो सावकाश चढणारा, मग उसळणारा, मग सपाट होणारा आलेख. त्याहून मला मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७८ चा लेख आवडला. समजा चौकात शंभर माणसं आहेत. एक जण कुणी नसतानाही दगड मारेल. दुसरा एकाने मारला तर मारेल, तिसरा दोघांनी मारला तर, असं शंभराव्यापर्यंत. पहिल्याने दगड मारला की साखळी सुरू होते आणि शंभरच्या शंभर दंगलीत उतरतात. आता फक्त एक बदल करा. एकाने मारल्यावर मारणारा जो दुसरा, तो दोघांची वाट पाहणारा आहे असं धरा. पहिला दगड मारतो आणि तिथेच संपतं. दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच. पण एका ठिकाणी वर्तमानपत्र लिहील 'जमाव पिसाळला', दुसऱ्या ठिकाणी 'माथेफिरूने काच फोडली'. हे पहिल्यांदा वहीत मांडलं त्या दिवशी मला गणपतीच्या रांगेचं कोडं निम्मं उलगडलं. रांगेतल्या लोकांच्या श्रद्धेत मी जे शोधत होते ते त्यांच्या क्रमात होतं.

कादंबरीनंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, सॅलगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा प्रयोग 'सायन्स'मध्ये आला. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची गाणी ऐकायला दिली. त्यातल्या बऱ्याच जणांना आठ वेगळ्या दुनियांत वाटलं, आणि प्रत्येक दुनियेत फक्त तिथल्याच लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं. आठ दुनियांत गाजलेली गाणी वेगवेगळी निघाली. फार चांगलं गाणं क्वचितच तळाला गेलं, फार वाईट क्वचितच वर आलं, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. मी तो लेख विभागात बसून वाचला आणि पहिला विचार आला तो सँड्राचा. तिला हा लेख किती आवडला असता.

पण माझ्या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण ज्यावर उभं आहे ते लेखांतून आलं नाही, अप्पांकडून आलं. आणि अप्पांनी ते सांगितलं या कादंबरीमुळे.

अप्पांचं बार्शीत साड्यांचं दुकान. सुट्टीत घरी गेले की दुपारच्या मंद वेळी मी गादीवर त्यांच्याशेजारी बसायची. अशा दुपारी मी त्यांना ही गोष्ट मराठीत सांगितली. विनोदाच्या जागांवर ते मोठ्याने हसायचे. अर्ज भरण्याच्या अखंड छळावर तर विशेष, कारण विक्रीकराचे कागद त्यांनी जन्मभर भरले होते. मेंढीचं सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत. गिऱ्हाईक आलं, त्यांनी पाच-सहा घड्या मोडल्या, ते गिऱ्हाईक गेलं, आणि मग म्हणाले, "आपल्याकडे नर्सबाई होत्या ना."

सरकारी दवाखान्यातल्या त्या नर्सबाई मला अंधुक आठवत होत्या. पगाराच्या आठवड्यात यायच्या, कमी बोलायच्या, भाव करायच्या नाहीत. देखण्या म्हणून त्यांचं नाव नव्हतं, पैसेवाल्या तर नव्हत्याच. अप्पा म्हणाले, त्यांनी जी साडी बाजूला काढली तिला दोन-तीन महिन्यांत गावात उठाव यायचा. सगळ्या बायका मोठ्या फुलांच्या प्रिंटच्या मागे होत्या तेव्हा या बाईंनी बारीक काठाची एकरंगी साडी नेली, आणि पुढच्या लग्नसराईत बारीक काठ पुरेना. सुरतच्या एजंटाला ऑर्डर देण्याआधी अप्पा नर्सबाई काय नेतात याची वाट पाहायचे. त्यांनी हे कुणालाही कळू दिलं नव्हतं, भावालाही नाही.

मी विचारलं, "अप्पा, तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही? निदान भावात थोडं कमी करायचं."

"छे, छे. सांगितलं असतं तर बाई विचार करून निवडायला लागल्या असत्या. मग काय उपयोग? आणि सवलत दिली असती तर त्या सवलतीसाठी आल्या असत्या. त्यांना हवी ती साडी त्यांनी न्यावी, एवढंच मी पाहिलं."

ज्याचं निरीक्षण करायचं त्याला निरीक्षणाची चाहूल लागू द्यायची नाही, आणि जे मोजायचं ते मोजताना बदलू द्यायचं नाही, हे आमच्या शास्त्रातलं फार अवघड काम. अप्पा ते गादीवर बसून वर्षानुवर्षं करत आले होते, आणि ते कधी बोलले नव्हते कारण त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं. कोलोरॅडोतल्या एका लेखिकेच्या मेंढीने ते त्यांच्या तोंडून काढलं. त्या दुपारनंतर अप्पांनी मला दुकानाच्या जुन्या वह्या उघडून दिल्या. कुठला लॉट कधी आला, कधी संपला, काय पडून राहिलं, सगळं त्यांच्या अक्षरात. साड्यांची नावं सिनेमांवरून: 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन'. जांभळ्या साड्यांच्या मागणीची ती एक उसळी वहीत अशी दिसते की माधुरी दीक्षितचं गाणं गावच्या टॉकीजला कधी लागलं असेल याचा अंदाज कुणीही करावा. त्या वह्यांवर माझं चौथं प्रकरण आहे. नर्सबाईंचं नाव मी तिथेही घातलं नाही. अप्पांनी पाळलेलं मौन मोडायचा हक्क मला नव्हता.

विज्ञान किती वेळा चुकून, अडखळत, भलत्याच वाटेने पुढे गेलं आहे, याने कादंबरी भरलेली आहे. अडथळे हेच कधी कधी वाट असतात, असं ती मानते. मी हे मत पूर्ण स्वीकारलेलं नाही. हरवलेल्या अर्जांनी आणि अडलेल्या पैशांनी आपल्याकडे किती चांगली कामं मेली आहेत ते मी जवळून पाहिलं आहे, आणि बेनेटला मेंढ्या मिळाल्या तशा सगळ्यांना मिळत नाहीत. तरी एक गोष्ट खरी. फेब्रुवारी १८९६ मध्ये पॅरिसात ढगाळ हवा होती म्हणून हेन्री बेक्वेरेल यांनी युरेनियमचे क्षार आणि फोटोची काच खणात ठेवून दिली, आणि ऊन न लागताही काचेवर ठसा उमटला. ढग सगळ्यांच्याच वाट्याला येतात. त्यांनी ती काच तरीही धुऊन पाहिली. ही 'तरीही पाहण्याची' सवय मला विलिसबाईंच्या सँड्राने लावली, आणि ती मी पुढे देऊ पाहते.

संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी दरवर्षी एक काम देते: आपल्या गावातली, गल्लीतली किंवा वसतिगृहातली एखादी टूम निवडा आणि ती कुठून आली ते जमेल तितकं मागे जाऊन शोधा. कुणालाही हसायचं नाही, आणि माहिती देणाऱ्याला आपण मूर्ख ठरवले जातोय असं वाटता कामा नये, एवढ्या दोन अटी. मुलं सुरुवातीला ओशाळतात, मग झपाटून जातात. एकाने गावातल्या दुचाक्यांच्या नंबरप्लेटवरची 'दादा', 'मामा' अशी अक्षरं शोधत थेट रंगाऱ्यापर्यंत माग काढला होता. यंदा काही मुलींनी लाबुबू बाहुली घेतली आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग यांनी काढलेलं ते दातवालं ध्यान, चिनी पॉप मार्ट कंपनीने विकलेलं, ब्लॅकपिंकमधल्या लिसाच्या बॅगेला दिसलेलं. एवढा उगम त्यांना तासाभरात सापडला. आता त्या आमच्या महाविद्यालयात पहिली लाबुबू कुणी आणली आणि दुसरीने ती पाहून किती दिवसांनी घेतली, याची यादी करताहेत. यादीत पहिल्या नावाबद्दल त्यांच्यात वाद आहे. लाल शिक्क्याचं पुस्तक सध्या त्यांच्याकडेच आहे, आणि सादरीकरण पुढच्या महिन्यात.